दंडाची पावती फाडण्याआधी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, इंग्लंडच्या सहलीबद्दल बोला." राजवाडे तुम्ही मोबाइलवर पाहिलेच आहेत. मी बोलणार आहे पार्किंगच्या दंडाबद्दल.

मागच्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे गेलो होतो. एका शनिवारी सकाळी मुलाबरोबर सुपरमार्केटमध्ये गेलो, अर्ध्या तासात परतलो. दुपारी लक्षात आलं, कोथिंबीर राहिली. पुन्हा तिथेच गेलो. आठवड्याने पाकीट आलं. 'तुमची गाडी आमच्या जागेत सलग पाच तास उभी होती. 100 पौंड भरा, 14 दिवसांत भरलेत तर 60.' सोबत दोन फोटो. एक सकाळी आत शिरतानाचा, दुसरा दुपारी बाहेर पडतानाचा. मधलं जाणं-येणं कॅमेऱ्याने टिपलंच नव्हतं!

तिथे खासगी कंपन्या असे वाहनतळ चालवतात. कॅमेरा नंबर टिपतो, हिशोब यंत्र करतं. कंपनी वाहन नोंदणी खात्याकडे अडीच पौंड भरून मालकाचा पत्ता मिळवते. कागद अगदी सरकारी दंडासारखा दिसतो, पण ते असतं कंपनीचं मागणीपत्र. म्हणून ते केराच्या टोपलीत टाकायचं, असंही नाही. दोन तास फुकट असलेल्या जागेत 56 मिनिटं जास्त थांबलेल्या एका गृहस्थांना 85 पौंड मागितले होते. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी योग्य ठरवली. चूक असेल तर भरावं लागतं. आमची चूकच नव्हती.

सूनबाई म्हणाली, "बाबा, 60 भरून मोकळे होऊ. कोर्टाची कटकट नको." खरी मेख इथेच आहे. घाबरून माणूस न केलेल्या चुकीचे पैसे भरतो. माझी पावत्या जपायची खोड उपयोगी पडली. दोन्ही खरेदीच्या पावत्या होत्या आणि मधल्या वेळात दुसरीकडे पेट्रोल भरल्याचीही होती. मुलाने तिन्ही जोडून कंपनीकडे अपील केलं. कंपनीने फेटाळलं असतं तर पुढे फुकट स्वतंत्र अपिलाची सोय होतीच. पण तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'मागणी रद्द.' दिलगिरीचा शब्द नाही.

मी चिडलो. आणि त्या रात्री मला आपलं गेट आठवलं.

मी सेक्रेटरी असताना आपण जॅमर आणले होते. एका रात्री गेटजवळ परकी गाडी दिसली. मी वॉचमनला जॅमर लावायला सांगितला आणि 500 रुपयांची पावती फाडली. आपल्याच एका ताईंचा भाऊ आजारी आईला दवाखान्यात न्यायला आला होता. मी विचारलंच नाही. ताईंनी मुकाट्याने पैसे दिले. त्या कंपनीकडे निदान अपील करता आलं, माझ्याकडे तीही सोय नव्हती. इंग्लंडमध्ये तर खासगी जागेत असा जॅमर लावणं 2012 पासून गुन्हा आहे.

ताई आज समोर बसल्या आहेत. ताई, चुकलं माझं. माफ करा.

नियम हवेतच, नाहीतर स्टिल्टमध्ये सायकलसुद्धा शिरणार नाही. पण आपल्या उपविधीतही सभासदाला दंड करण्याआधी नोटीस द्यायची आणि सर्वसाधारण सभेत त्याचं म्हणणं ऐकायचं, असंच लिहिलंय. पाहुण्यालाही तेवढा मान देऊ या. आधी इंटरकॉमवरून विचारा, मग पावती फाडा.