पटावरील आडवाट



बुद्धिबळात ‘विचित्र’ चाल कशाला म्हणावयाचे, हा आजचा आमचा प्रश्न आहे. चार चालींत मात देण्याची जी युक्ती मुले एकमेकांवर करून पाहतात, ती आम्ही यात धरीत नाही. समोरचा झोपला असेल तरच ती साधते. आणि जागा असेल तर आपलाच वजीर उघड्यावर पडून मार खातो.

आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीसही बहुधा एकच घर सरके. विलायती खेळाप्रमाणे दोन घरे उडी घेऊन पटाचा मध्य बळकावण्याची सोय नव्हती. म्हणून आपले खेळाडू घोड्यापुढचे प्यादे एक घर सारीत, रिकाम्या घरात उंट बसवीत आणि दुरून नेम धरीत. ही सवय घेऊनच महेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ कलकत्त्यास जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी विलायती नियमांनी खेळत. त्यांचे शेकडो डाव झाले. मध्य शत्रूला देऊन टाकायचा आणि मग तो पोखरायचा, ही त्यांची रीत त्या काळच्या युरोपीय पंडितांच्या शिस्तीत बसणारी नव्हती. 1855 सालच्या एका डावात त्यांनी जी मांडणी केली, तीच 1922 साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी खेळली, आणि नाव पडले ग्रुनफेल्ड बचाव! महेशचंद्र तो डाव हरले, हेही सांगितले पाहिजे. कॉक्रेनने वजीर देऊन घोड्याने त्यांचा राजा कोंडला. पण दोष मांडणीचा नव्हता. पुढच्या चालींचा होता.

कॉक्रेनही काही सरळमार्गी नव्हता. 1848 साली महेशचंद्रांविरुद्धच त्याने चौथ्या चालीस एका प्याद्यासाठी आख्खा घोडा देऊन टाकला. हा वेडेपणा म्हणून सोडून द्यावा, तर 1999 साली लिनारेस येथे टोपालोवने तीच चाल खुद्द क्रामनिकपुढे केली आणि डाव बरोबरीत सोडविला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. एप्रिल 2024 मध्ये टोरांटोच्या आव्हानवीर स्पर्धेत दुसऱ्या फेरीत आपले नाशिकचे विदित गुजराथी काळी मोहरी घेऊन अमेरिकेच्या नाकामुरापुढे बसले. बर्लिन बचाव म्हणजे पुष्कळांच्या लेखी बरोबरीचा हमरस्ता. त्यात विदितने राजाच्या कोटापुढील एका प्याद्यावर उंट ओवाळून टाकला. आपल्या द्राक्षबागाईतदारांना यात नवल वाटू नये. एप्रिलातली खरडछाटणी पाहून परक्या माणसास बाग उजाड केली असेच वाटते. फूट कोठून येणार हे छाटणाऱ्याला ठाऊक असते. उंट गेला, पण कोट उघडा पडला आणि काळ्या मोहऱ्यांना राजापर्यंत वाट मिळाली. नाकामुरा त्यापूर्वी 47 डाव अपराजित होता. एकोणतिसाव्या चालीला डाव संपला. नवव्या फेरीत दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा पांढरी मोहरी विदितकडे होती, आणि तोही डाव त्यांनीच जिंकला.