आयकराचे दप्तर
पगारदारांस आयकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत सामान्यतः ३१ जुलैला संपत असली, तरी त्याचे दप्तर १ एप्रिलपासूनच लागत जाते, हे ज्याने ओळखले त्याला ऐनवेळी कपाटे उपसावी लागत नाहीत. ‘फॉर्म १६’ या नावाने परिचित असलेले प्रमाणपत्र हाती येताच, पगारातून कापलेला कर आपल्या नावे सरकारजमा झाला आहे की नाही, याचा ताळा प्रथम घ्यावा. मुदतठेवीवरील व्याज, हाती न पडता मुदलात मिळाले तरी, उत्पन्नच होय. आणि नेमके तेच पुष्कळांच्या नजरेतून निसटते. जुन्या करपद्धतीत घरभाड्याची सवलत घेणाऱ्यांनी पावत्या महिन्याच्या महिन्याला घ्याव्यात, आणि वार्षिक भाडे १ लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅन क्रमांकही त्यांसोबत नोंदवून ठेवावा.