वेगदर्शकामागील गणित

वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जमिनीवर उभारलेल्या सिम्युलेटरमध्ये संगणकाला विमानाचा खरा वेग ठाऊकच असतो. तरीही तो वेगदर्शकावर जसाच्या तसा दाखवून भागत नाही. आकाशातील वेगदर्शक पिटो नळीत समोरून शिरणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो. ४०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एकचतुर्थांश उरते. त्यामुळे तेथे वेग निम्म्याच्या आसपासच दिसतो. हे गणित क्षणोक्षणी मांडावे लागते. खरे अवघड काम याहून निराळे आहे. नळी बर्फाने बुजल्यास दर्शक कसा चुकेल, तेही संगणकाला बिनचूक काढावे लागते. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सच्या विमानातील वेगाचे आकडे असेच काही काळ विसंगत झाले, वैमानिकांचा ताबा सुटला आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. उंचावरील अशा प्रसंगाचा सराव सिम्युलेटरवर देण्याकडे त्यानंतर विशेष लक्ष पुरविले गेले.