मोटर का जळते?

रब्बीला पाणी सुरू झालं, की आपल्या बीड जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे जळालेल्या मोटरी येऊन पडतात. शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगतो, "लाइट कमी होती." ते खरंच असतं. पण कमी दाबाच्या विजेनं मोटर जास्त का तापावी? याचं उत्तर शाळेत शिकलेल्या दोन सूत्रांत आहे. पेन्सिल जवळ असेल तर हाती घ्या.

पहिलं सूत्र जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली मांडलं: व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. दुसरं सूत्र: वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर.

आता घरातला १,००० वॅटचा हीटर घ्या. २३० व्होल्टला तो साधारण ४.३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या तारेचा रोध ५३ ओहम. व्होल्टेज १८० वर आलं तर अँपिअर ३.४ होतात आणि वॅट ६१२. पाणी उशिरा तापतं, हीटरला काही होत नाही.

मोटरीचं तसं नाही. विहिरीतलं पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, त्यामुळे वॅट जवळपास तेवढेच लागतात. व्होल्ट घटले की अँपिअर वाढणारच. ५ एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. व्होल्टेज ३४० वर उतरलं की ती ९ च्या पुढे जाते. वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या पटीत वाढते. अँपिअर सव्वापट झाले, तर उष्णता दीडपटीहून जास्त. अशा वेळी स्टार्टरचा रिले वारंवार पडतो, आणि आपण काय करतो? रिलेचा काटा पुढे सरकवतो, फ्यूजमध्ये जाड तार घालतो. मोटरीच्या प्लेटवर जो अँपिअरचा आकडा कोरलेला असतो, रिले त्यावरच ठेवायचा असतो. तो पडतोय म्हणून तर मोटर वाचते.

याच वर्गाच्या हिशेबावर परळीचं औष्णिक विद्युत केंद्रही चालत आलं आहे. तिथल्या जुन्या २१० मेगावॅटच्या संचातून वीज १५,७५० व्होल्टनं निघायची आणि ९,००० अँपिअरच्या घरात असायची. ट्रान्सफॉर्मर ती २,२०,००० व्होल्टवर न्यायचा. व्होल्ट चौदापट झाले, अँपिअर चौदाव्या हिश्श्यावर आले. त्याच तारेतला उष्णतेचा तोटा सुमारे दोनशेव्या हिश्श्यावर. एरवी ती वीज दूरच्या गावांपर्यंत पोचलीच नसती.

आपल्या बांधावर मात्र आपण उलटं करतो. डीपीपासून विहीर ३०० मीटर, आणि चार पैसे वाचवायला अडीच स्क्वेअरची तांब्याची केबल. तिच्या एका तारेचा रोध सव्वादोन ओहम भरतो. साडेसात अँपिअर गेले की दोन फेजमधले २५ व्होल्टच्या आसपास वाटेतच जिरतात. चार स्क्वेअरची केबल घेतली तर ते १५ वर येतात. केबलचा जास्तीचा खर्च एकदाच होतो, रिवाइंडिंगचा दर हंगामाला. मोटरीशी योग्य मापाचा कपॅसिटर जोडला, तर केबलमधले अँपिअर आणखी कमी होतात.

शेवटी डीपीचा हिशेब, आणि मला सर्वांत महत्त्वाचा हाच वाटतो, कारण तो एकट्यानं सुटत नाही. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक फेजला ८४ अँपिअर देऊ शकतो. साडेसातनं भागा: ५ एचपीच्या अकरा मोटरी. बाराव्या मोटरीपासून सगळ्यांचंच व्होल्टेज आणखी पडायला लागतं. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट अँपिअर ओढते. प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच असेल, तर रात्री लाइट येताच अकराही मोटरी एकदम उठतात आणि ८४ च्या डीपीवर चारशेहून अधिक अँपिअरची मागणी येते. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, ते याचसाठी. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकदा एकत्र बसून आपापल्या एचपीची बेरीज करावी, आणि लाइट आल्यावर कोणाची मोटर आधी, कोणाची पाच मिनिटांनी, हे ठरवून घ्यावं.