पाळी बदलताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कारखान्यात भोंगा वाजला की अर्धवट काम यंत्रावर ठेवून घरी जाता येते. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात तसे चालत नाही. माणूस चोवीस तास आजारी असतो. त्याची काळजी घेणारी माणसे मात्र पाळीपाळीने बदलतात. इन्चार्ज सिस्टर म्हणून मी अनेक वर्षे वॉर्डाच्या ड्यूट्या लावल्या. त्यात एक गोष्ट पक्की कळली, घोटाळे होतात ते बहुधा पाळी बदलताना.

सकाळची पाळी दोनला संपते, दुपारची दोनलाच सुरू होते. तक्ता कागदावर नीटनेटका दिसतो. पण मग ‘ओव्हर’ द्यायची केव्हा? जाणारीला गाडी गाठायची असते, येणारी अजून जिन्यात असते. ‘सगळं ठीक आहे’ म्हणून काम उरकले जाते. आठ नंबरच्या आजोबांना इन्सुलिन दिले, पण त्यांनी ताट तसेच परत पाठवले, हे सांगायचे राहते. तेवढे राहणे जिवावर बेतू शकते. म्हणून दोन पाळ्यांत वीस-तीस मिनिटे सामाईक हवीत आणि ती कामाच्या वेळेतच धरायला हवीत.

ओव्हर खाटेपाशी उभे राहून द्यावी. आता रुग्ण कसा आहे, आधी काय झाले, आपला अंदाज काय आणि पुढे काय करायचे, हे चार मुद्दे पुरेसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये अशी ठरलेली पद्धत वापरण्याची शिफारस केली होती.

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरवाव्यात. उशिरा झोपणे शरीराला जमते, लवकर झोपणे जड जाते. रात्री नऊला सुटलेल्या मुलीला सकाळी सातला पुन्हा बोलावू नये. मधल्या दहा तासांत प्रवास, स्वयंपाक, मुले. झोपेला उरते काय? दरवर्षी दिवाळीची ‘नाइट’ नवख्या मुलींच्याच माथी मारू नये. तक्ता महिनाभर आधी लागला, तर आपसांत अदलाबदल करता येते आणि आयत्या वेळच्या दांड्याही कमी होतात.

आज अनेक घरांत अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी दिवसा एक, रात्री एक बाई असते. तिथेही हाच नियम लागू पडतो. उशाशी एक वही ठेवा. औषध, जेवण, लघवी, झोप, सगळे वेळेसह लिहायला सांगा. आणि रात्रीची बाई आल्याशिवाय, तिच्याशी बोलल्याशिवाय दिवसाच्या बाईंनी निघू नये. त्या पंधरा मिनिटांचे पैसे मात्र त्यांना जरूर द्या.