दृष्टी अचानक मंदावली तर वाट पाहू नका

(संघटनेच्या लंडन येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर काही बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले, त्याबद्दल मी आभारी आहे. मी नेत्रशल्यविशारद नाही, सामान्य रोगांचा डॉक्टर आहे. परंतु दृष्टी अचानक गेलेला माणूस पुष्कळदा प्रथम आमच्याकडेच येतो, आणि पुष्कळदा उशिरा येतो. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. दृष्टीत अचानक झालेला बदल दुखत नसला तरी, आणि आपोआप बरा झाला तरी, त्याच दिवशी दाखविला पाहिजे.

आपल्या समाजाला दृष्टीचे मोल निराळे सांगावे लागू नये. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना अक्षराचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्या घरात आज पुस्तकांची कपाटे आहेत. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब याच शहरात किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरी राहत आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसदिवस वाचत बसत. १९४८ पासून त्यांना मधुमेहाने गाठले आणि अखेरच्या वर्षांत दृष्टीही क्षीण झाली. तशाही अवस्थेत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी लिहून पूर्ण केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला. त्या काळी डोळ्याच्या वैद्यकाजवळ आजची साधने नव्हती. लेसर किरण प्रत्यक्षात आले तेच मुळी १९६० मध्ये. आज ती साधने आहेत. मात्र त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणे आपल्या हाती आहे.

मग आपण उशीर का करतो? पहिले कारण असे की, दाढ दुखली की माणूस रात्री धावतो, पण डोळ्याच्या आतील पडदा, म्हणजे दृष्टिपटल, दुखत नाही. वेदना पोहोचविणारे तंतू त्याला नाहीत. तो फाटला, सुटला किंवा त्याचा रक्तपुरवठा थांबला, तरी माणसाला काही टोचत नाही. दुसरे कारण असे की, निसर्गाने दोन डोळे दिले आहेत. एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि बिघाड लक्षातच येत नाही. यावर उपाय सोपा आहे. नजरेत काही वेगळे वाटले की एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने दाराची चौकट पाहावी. मग डोळा बदलून पुन्हा पाहावे. चौकटीचा काही भाग दिसत नसेल, किंवा सरळ रेघ वाकडी दिसत असेल, तर डोळ्यात काही घडले आहे असे समजावे.

आता धोक्याच्या खुणा क्रमाने पाहू.

डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे तरंगू लागणे, अंधारात कडेला विजेसारखी चमक दिसणे, आणि मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे, ही दृष्टिपटल फाटल्याची किंवा सुटू लागल्याची लक्षणे आहेत. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, किंवा ज्यांच्या डोळ्याला मार लागला आहे, त्यांना हा धोका अधिक असतो. पडदा नुसता फाटला असेल तर लेसरने कडा डागून तो तेथेच थांबविता येतो. तो सुटू लागला असेल, पण मधला, वाचनाचा भाग अद्याप जागेवर असेल, तर तातडीच्या शस्त्रक्रियेने ती दृष्टी बहुधा वाचते. तो भाग एकदा सुटला की पडदा पुन्हा बसविता येतो, पण नजर पूर्ववत होईलच असे सांगता येत नाही.

एका डोळ्याची दृष्टी क्षणार्धात, वेदनेवाचून जाणे हा डोळ्याचा पक्षाघात असू शकतो. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर काही तासांतच ते कायमचे निकामी होते. कधी हीच दृष्टी पाच-दहा मिनिटांनी परत येते आणि माणूस म्हणतो, "चक्कर आली असेल, आता बरे आहे." बंधूंनो, हे बरे होणे फसवे आहे! ती मेंदूच्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. दोन्ही डोळ्यांनी समोरचे अर्धेच दिसणे, एकाएकी एकाच्या दोन वस्तू दिसणे, त्याबरोबर तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, असे काही झाले तर क्षणाचाही विलंब न करता ९९९ ला फोन करावा.

दुखणाऱ्या डोळ्याचीही एक गोष्ट सांगतो. डोळा लाल होतो, असह्य ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, नजर धुरकट होते आणि ओकाऱ्या होतात. घरची मंडळी पित्त समजून लिंबू-सरबत देतात. वास्तविक हा काचबिंदूचा तीव्र झटका असतो आणि काही तासांत दृष्टिचेता जखमी होऊ शकते. पन्नाशीपुढील माणसाला नव्याने डोके दुखू लागले, कानशील दुखू लागले, केस विंचरताना टाळू हुळहुळली किंवा चावताना जबडा भरून आला, आणि नजरेत फरक पडला, तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विकार असू शकतो. त्यात वेळेवर औषध सुरू झाले नाही तर दुसराही डोळा जाऊ शकतो.

मधुमेह आपल्या दक्षिण आशियाई लोकांत येथील गोऱ्या लोकांपेक्षा अधिक आढळतो. त्यामुळे डोळ्यात रक्तस्राव होऊन एकाएकी काजळी पसरल्यासारखे दिसू शकते. इंग्लंडमध्ये बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेही व्यक्तीला डोळ्यांच्या छायाचित्र-तपासणीचे बोलावणे दरवर्षी, अथवा लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आल्यास दोन वर्षांनी, येते. ते चुकवू नये. परंतु ती तपासणी मूकपणे वाढणारा रोग शोधण्यासाठी आहे. आज नजर बिघडली आणि तपासणीचे पत्र पुढल्या महिन्याचे आहे, म्हणून थांबणे योग्य नव्हे.

पानाच्या डब्यातील चुना, किंवा मोरी साफ करण्याचे रसायन डोळ्यात गेले, तर प्रथम नळाखाली निदान वीस ते तीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. येथे उपचार आपल्या स्वयंपाकघरातच सुरू होतो.

उशिराचे तिसरे कारण मात्र शरीरात नाही, आपल्या स्वभावात आहे. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ गृहस्थांना जयंतीच्या आठवड्यात गुरुवारी चमक दिसली आणि शुक्रवारी खालून काळी सावली चढू लागली. सभागृहाची जबाबदारी त्यांच्यावर होती. "रविवारचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या," असे त्यांनी मनाशी ठरविले आणि घरात कोणालाच सांगितले नाही. कार्यक्रम उत्तम झाला. सोमवारी सावली मध्यावर आली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पडदा बसला, पण त्या डोळ्याने त्यांना पुन्हा छापील अक्षर वाचता आले नाही. याच्या उलट, अमरावतीकडून मुलाकडे आलेल्या एका आजींनी ठिपके आणि चमक दिसताच त्याच संध्याकाळी सुनेला हाक मारली. पडद्याला नुसते छिद्र होते. दुसऱ्या दिवशी लेसर झाले आणि जेवणाच्या वेळेस आजी घरी परतल्या. या दोघांच्या रोगात फारसे अंतर नव्हते. एकाने दुखणे लपविले आणि दुसरीने सांगितले, एवढाच भेद.

या देशात जावे कोठे, हे सर्वांना ठाऊक असावे. पक्षाघाताची शंका किंवा एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, तर ९९९. डोळ्याला गंभीर इजा, तीव्र वेदना अथवा सावली, तर जवळचा इमर्जन्सी विभाग. काही रुग्णालयांत डोळ्यांसाठी स्वतंत्र तातडीचा विभाग असतो. १८०५ पासून चालत आलेले लंडनचे मूरफील्ड्स नेत्ररुग्णालय त्यांपैकीच एक. कोठे जावे हे समजत नसेल तर १११ वर विचारावे. चष्मेवाल्या ऑप्टिशियनला फोन करून लक्षणे सांगितली, तर ते पुष्कळदा त्याच दिवशी तपासून पुढे पाठवितात. मात्र जी.पी.कडे पुढल्या आठवड्याची वेळ घेऊन स्वस्थ बसू नये. फोनवर "दृष्टी अचानक बदलली" हे शब्द प्रथम उच्चारावेत, आणि केव्हापासून तेही सांगावे. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागावा. त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. नातवाला दुभाषी करू नये, कारण आजी त्याच्यापुढे खरे दुखणे सांगत नाहीत.

भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा आहे. "मुलाला खर्च होईल," या भीतीने ती गप्प राहतात. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातील तपासणी व उपचारांचे पैसे पाहुण्यांकडूनही घेतले जात नाहीत. दाखल केल्यावर किंवा पुढील बाह्यरुग्ण उपचारांना शुल्क लागू शकते, म्हणून प्रवासाचा विमा अवश्य काढावा. परंतु उपचार तातडीचा असेल तर आधी पैसे भरले नाहीत म्हणून तो अडविता येत नाही. त्याचे बिल नंतर येते. हे त्यांना विमानतळावरून घरी आणतानाच सांगून ठेवावे.

निघताना औषधांची यादी, चष्मा आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहिलेला कागद बरोबर घ्यावा. स्वतः गाडी चालवू नये. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून परततानाही सोबत असावी. मध, तूप, गुलाबपाणी किंवा मागच्या वर्षीच्या बाटलीतील थेंब डोळ्यात घालू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने सुरू करू नये वा बंदही करू नये.

शेवटी विनयपिटकातील एका प्रसंगाचे स्मरण करतो. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, मंचकावर निजविले आणि संघाला रुग्णसेवेची शिकवण दिली. ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु तेथेच रुग्णाचेही गुण सांगितले आहेत, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांपैकी एक असा की, रुग्णाने आपल्या आजाराची अवस्था, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, जशी आहे तशी शुश्रूषा करणाऱ्याला सांगावी. म्हणजे दुखणे सांगणे हा दुबळेपणा नव्हे, ते रुग्णाचे कर्तव्य आहे, आणि ऐकताच उठून निघणे हे कुटुंबाचे.

तेव्हा आज घरी गेल्यावर आईवडिलांना एवढेच विचारा, "दोन्ही डोळ्यांनी, एकेक करून, नीट दिसते ना?" आणि बदल दिसला तर दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहू नका.