वृक्षसेवकांची प्रतिमा



प्रतिमेचे माहात्म्य मठाच्या शिष्यवर्गास सांगावयास नको. परंतु जुन्या मंडळींचा एक प्रघात ध्यानी घेण्याजोगा आहे. पुण्यतिथीस सत्पुरुषाच्या तसबिरीला हार घातला म्हणजे ती उठून जात नाहीत. तिच्यासमोर बसून आठवणी सांगतात, शंका विचारतात. वृक्ष, जल आणि भूमी यांच्या रक्षणार्थ ज्यांनी देह झिजविला, त्यांचाही गौरव याच रीतीने व्हावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अमेरिकेत रॉबर्ट शेटर्ली या चित्रकाराने २००२ च्या सुमारास, निर्भयपणे सत्य बोलणाऱ्या आपल्या देशबांधवांची चित्रे रंगविण्यास प्रारंभ केला. त्यांची संख्या आता दोनशेंहून अधिक आहे. कीटकनाशकांच्या विषाविषयी १९६२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या रेचेल कार्सन त्यांत आहेत. प्रत्येक चित्रात त्या व्यक्तीचे शब्द रंगाच्या थरातच कोरलेले असतात. ही चित्रे शाळांतून फिरतात आणि मुले त्यांच्यासमोर चर्चा करतात.

मुद्रेशी शब्द जोडण्याची ही कल्पना तेलंगणातील एका वृद्धाने कुंचल्यावाचूनच आचरणात आणली होती. खम्मम जिल्ह्यातील रेड्डीपल्लीचे दरिपल्ली रामय्या गळ्यात फलक अडकवून हिंडत. त्यावर अक्षरे असत, "वृक्षो रक्षति रक्षितः". पाठशाळेतील बालकासही यातील मौज उमगेल. एकाच धातूची दोन रूपे. रक्षिलेला वृक्ष रक्षण करितो. 'रक्षितः' हे पद वाक्यात शेवटी येते खरे, परंतु अर्थदृष्ट्या ते आधी घडावे लागते. रामय्यांनी ते आधी घडविले. सायकलीवर रोपे, खिशात बिया आणि साथीला पत्नी जानम्मा, असा हा संसार. एक कोटीहून अधिक झाडे त्यांनी लावली, असे सांगितले जाते. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. १२ एप्रिल २०२५ रोजी ते निवर्तले. कोणी चित्रकार त्यांची सायकल आणि फलक वगळून केवळ मुद्रा आणि पदक रंगवील, तर ते चित्र कितीही हुबेहूब असो, रामय्यांचे नव्हे.

आता संभाषणाविषयी. त्याचा उत्तम नमुना हैदराबादेतच आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे दगावली, तेव्हा या झाडावर चढून सुमारे दीडशे जीव वाचले. त्या स्मृतिदिनी नागरिक झाडाखाली जमतात. तेथे केवळ कृतज्ञता व्यक्त होऊन भागत नाही. कारण त्या पुरानंतर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय योजिले गेले. १९९६ च्या शासनाज्ञेने त्यांच्याभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध आले. आणि २०२२ मध्ये ते निर्बंध उठविणारी दुसरी आज्ञा निघाली. चिंचेखाली बसणाऱ्यास याविषयी मौन धरता येईल काय? हार घालणे सुखाचे असते, हे बोलणे तसे नसते. म्हणूनच बहुधा ते टाळले जाते.

आणखी एक. प्रतिमा दिवंगतांचीच असावी, असा काही शास्त्रसंकेत नाही. हैदराबाद-विजापूर मार्गावर चेवेल्ला परिसरात शेकडो वटवृक्ष उभे आहेत. रस्ता रुंद करताना ते तोडले जाऊ नयेत म्हणून हैदराबादचे काही निसर्गप्रेमी नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. अशा हयात माणसाचे चित्र सभामंडपात लावले, तर तो स्वतः येऊन शंकांची उत्तरे देईल. त्याला सोबतीचीही गरज असते. वडाची छाया पाहावयाची असेल, तर चेवेल्ला काही दूर नाही. काकडआरतीनंतर निघून दुपारच्या नैवेद्यापर्यंत सुखाने परतता येते.